गैरहजरांच्या खुर्च्या

कल्चर महिनाअखेरपर्यंत उभं करायचं होतं.

"कल्चर म्हणजे नक्की काय गं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या मांडीवर नात होती आणि नातीच्या तोंडात आजीच्या चष्म्याची काडी होती.

"संस्कृती, आई."

"ती तर म्हणे हजारो वर्षांनी घडते. तुमच्या साहेबांना महिनाअखेरीला कशी काय हवी?"

सुनेने लेकीच्या तोंडातून चष्म्याची काडी सोडवली. साहेबांचा हा हुकूम सोमवारी निघाला होता.

त्याचं कारण एक इस्त्री. मिक्सर, पंखा, इस्त्री असं काही विकत घेतलं की खोक्यात सगळ्यात वर एक घडीचा कागद असतो. माणसं तो आधी हरवतात आणि मग वाचायला शोधतात. तो कागद लिहिणाऱ्या सहा जणांच्या टीमची ती प्रमुख. त्यातले दोघे रोज ऑफिसात बसत आणि ती धरून चौघं आपापल्या घरून काम करत. घरच्यांना वाटलं, इस्त्रीचा कागद ऑफिसवाल्यांनी तपासला असेल. ऑफिसवाल्यांना वाटलं, घरच्यांनी तपासला असेल. अशा परस्पर विश्वासातून इस्त्रीच्या कागदावर छापून आलं, "महिन्यातून एकदा पाती ओल्या फडक्याने पुसा. पाती वाकवू नका." एक ग्राहक तर इतका सज्जन निघाला, की त्याने कंपनीला फोन करून नम्रपणे विचारलं, "माझ्या इस्त्रीबरोबर पाती आलेली नाहीत. ती वेगळी पाठवता का?"

मोठे साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुमची टीम नाही. सहा सुटी माणसं आहेत. कल्चर नाही तुमच्यात. महिनाअखेरीला मी स्वतः येऊन बघणार. दिसलं तर ठीक. नाही तर पुढच्या महिन्यापासून सगळे रोज ऑफिसात."

रोज ऑफिसात, म्हणजे तिच्या हिशेबात सरळ होतं. मुलगी उठायच्या आत घर सोडायचं आणि ती झोपल्यावर परत यायचं. मुलीला नुकतेच खालचे दोन दात आले होते आणि ते दोन्ही दात ती फक्त सकाळी, जाग आल्या आल्या हसताना दाखवायची. दिवसभर मग ओठ मिटून कारभार. ते सकाळचं हसू आता सासूबाईंच्या वाट्याला जाणार होतं. सासूबाई चांगल्या होत्या, पण म्हणून काय हसूसुद्धा द्यायचं?

तेव्हा कल्चर उभं करणं भाग होतं.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. समोरच्या घरातल्या काकू शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, निदान शाळेचं तसं म्हणणं होतं. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी सगळ्यांना उभं कर. रांगेत. उंचीप्रमाणे."

"काकू, ते वेगवेगळ्या गावांत राहतात."

"मग उंची विचारून घे."

नवरा म्हणाला, "एखादा खेळ घे ना, ऑनलाइन." नवऱ्याचे सल्ले बिनचूक असतात, कारण ते सांगून तो आंघोळीला निघून जातो. तिने खेळ घेतला. नाव ठेवलं 'सोमवारचा आनंद'. दर सोमवारी प्रत्येकाने आपला एक आनंद सांगायचा.

घरून काम करणाऱ्यांपैकी एकाला सगळे होहो म्हणत, कारण तो कशालाही दोनदा हो म्हणायचा आणि मग काम एकदाही करायचा नाही. तो म्हणाला, "हो हो, आनंद आहे." दुसऱ्या टीपबाई. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात जी 'टीप' असते ती लिहिण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे त्यांचं बोलणंही तळाशी बारीक होत जायचं. त्या म्हणाल्या, "आनंद आहे. टीप, सोमवार वगळून." तिसरा मौनी. दोन वर्षांत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. कॅमेरा बंद, माइक बंद, काम मात्र चोख. त्याने अंगठा पाठवला. ऑफिसातल्या आप्पांनी विचारलं, "हे पगारात धरायचं का वेगळं?" आणि त्यांच्या शेजारी बसणारी, मिक्सर-पंख्यांची चित्रं काढणारी चित्रवाली काही बोललीच नाही, कारण ती तेव्हा चहा आणायला गेली होती.

आणि तिथेच तिला एक गोष्ट दिसली. चित्रवाली उठून गेल्यामुळे कॅमेऱ्यात ऑफिसचं पूर्ण टेबल आलं. सहा खुर्च्या. एकीवर आप्पा. एक चित्रवालीची. एकीवर आप्पांची छत्री, एकीवर जुन्या कागदांचा गठ्ठा, एकीवर कुणाची तरी चप्पल, होय, चप्पल, आणि सहाव्या खुर्चीवर पंख्याचं रिकामं खोकं. त्या सहाव्या खुर्चीवर ती कधी काळी पाच वर्षं बसली होती.

माणसाचं मन विचित्र असतं. पगार कापला असता तर तिला इतकं लागलं नसतं. एक खोकं आपल्या जागी बसलंय आणि टीमचं काही अडत नाही, हे काही केल्या मनातून जाईना. त्यातूनच तिला कल्पना सुचली. आपण घरी असलो तरी तिथे आपली खुर्ची आपलीच हवी. तिच्यावर आपली एक वस्तू हवी. म्हणजे हे दोघं चहा पिता पिता परस्पर काही ठरवायला लागले, की समोरची खुर्ची बघून त्यांना आठवेल, अरे, यांना विचारायचं राहिलं.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, माणूस नाही आणि त्याची वस्तू खुर्चीवर. हे अंमळ गेलेल्यांच्या आठवणीसारखं होत नाही का? आम्ही दोघं जिवंत आणि समोर चार स्मारकं."

"आप्पा, महिनाअखेर."

"ठेवतो," आप्पा म्हणाले. महिनाअखेरीला काय होणार, याची त्यांनाही कल्पना होती.

पण टेबलाशी असल्या तरी खुर्च्या भांडारप्रमुखांच्या ताब्यात होत्या आणि कुठली कुणाच्या नावावर धरायची ते तेच ठरवत. हे गृहस्थ कंपनीची मालमत्ता स्वतःच्या मुलींसारखी जपत. कुणाला द्यायची म्हटलं की त्यांचा जीव तुटायचा. तिने फोन केला.

"खुर्ची हजर माणसाला मिळते," ते म्हणाले. "गैरहजर माणसाला खुर्ची कशाला?"

"आम्ही गैरहजर नाही हो. घरून काम करतो."

"मग घरी खुर्ची नाहीये?"

"आहे ना."

"म्हणजे तुम्हाला दोन झाल्या. मॅडम, एका माणसाला दोन खुर्च्या दिल्या तर उद्या मोठे साहेब दोन मागतील. मग मी काय उत्तर देऊ?"

तीन दिवस ही चर्चा चालली. त्यातला एक पूर्ण दिवस खुर्ची 'वापरात' धरायची की 'राखीव' यावर गेला. फोन कानाला लावून ती मुलीला भरवत होती आणि मुलगी दर घासाला तोंड फिरवत होती, भांडारप्रमुखांसारखीच. शेवटी चित्रवालीने तोड काढली. टेबलावर नमुन्याचे मिक्सर आणि पंखे ठेवायला परवानगी होतीच. खुर्च्याही नमुना म्हणूनच द्या ना. भांडारप्रमुखांना हे पटलं. त्यांनी चारही खुर्च्या दिल्या आणि प्रत्येकीच्या पाठीला कंपनीची चिकटपट्टी लावली, "नमुना. विक्रीसाठी नाही."

पाच वर्षं जिच्यावर बसून काढली त्या खुर्चीची ही किंमत ठरली. तिने ते मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं आणि दोन दिवस मनाला लावून घेतलं.

मग वस्तू गेल्या. मुलगी पोटात असताना ती ज्यात मावायची तो ढगळ स्वेटर तिने पाठवला. सासूबाईंनी आधी त्याला तुटलेल्या बटणाच्या जागी नवं लावून दिलं. "चारचौघांत जायचंय त्याला," त्या म्हणाल्या. होहोने टोपी पाठवली. टीपबाईंनी स्कार्फ पाठवला आणि त्याला कागद टाचला, "टीप, धुऊ नये." मौनीचं पार्सल एवढं मोठं होतं, की गेटवरच्या पहारेकऱ्याने ते अडवून ठेवलं आणि चारदा दाबून बघितलं. आतून उशी निघाली. पोपटी. झालर लावलेली. ती बातमी ऑफिसातून बाकीच्या तिन्ही घरांत अशी पसरली की विचारू नका. मौनीला झालर आवडते! दोन वर्षांत त्याच्याबद्दल कळलेली ही पहिली गोष्ट होती.

आणि खरं सांगायचं तर पहिला आठवडा चमत्कारासारखा गेला. नव्या मिक्सरच्या कागदावर आप्पा आणि चित्रवाली काहीतरी ठरवत होते, तेवढ्यात आप्पांची नजर टोपीवर गेली. "अरे, होहोला विचारलं का?" त्यांनी फोन लावला. होहो दोनदा हो म्हणाला आणि पकडला गेला, कारण आप्पा म्हणाले, "तुझी टोपी बघतेय माझ्याकडे. काम झालं का ते सांग." कागद सहाही हातांतून गेला. पाती नाहीत, चूक नाही. तिने सासूबाईंना सांगून टाकलं, कल्चर येतंय.

मग टीपबाईंचा फोन आला.

"मॅडम, माझा स्कार्फ दाराजवळच्या खुर्चीवर का?"

"का बरं? काय झालं?"

"तिथे वारा लागतो."

"स्कार्फला?"

"माझ्या जागेला," टीपबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज तळाशी बारीक झाला नाही. तो वर आला. "त्या होहोला खिडकी आणि मला दार? मी काय येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करायला बसलेय तिथे?"

तिने होहोला विचारलं. होहो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "नाही."

"काय नाही?"

"नाही नाही. खिडकी सोडणार नाही. मी त्यांच्या आधी लागलोय कंपनीत."

त्याच दुपारी पडद्यावर मौनीची अक्षरं उमटली. दोन वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य. तिने श्वास रोखून वाचलं. "उशी उन्हात फिकी पडतेय. हलवा."

ज्या माणसांनी ऑफिसात पाऊल टाकायला नको म्हणून जंग जंग पछाडलं होतं, ती माणसं आता ऑफिसातल्या कोपऱ्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठली. खुर्च्या फिरत्या ठेवू, असं चित्रवाली म्हणाली, तर तिघांनी, मौनीने अर्थात लिहून, एका सुरात विरोध केला. तो त्यांचा पहिला एक सूर. आप्पा दिवसभर कॅमेरा हातात घेऊन "हे बघा तुमचं दार, हे बघा तुमचं ऊन," करत टेबलाभोवती फिरत होते.

ती मात्र या सगळ्याच्या वर होती. प्रमुखच ती. सगळ्यांना समजावत होती, की बाबांनो, खुर्ची म्हणजे फक्त एक खूण आहे. मग चित्रवालीने सहज सांगितलं, की हिशेब विभागातला एक जण काल तिच्या खुर्चीवर टेकला होता आणि स्वेटरच्या बाहीवर थोडा चहा सांडला.

"माझ्या खुर्चीवर बसायची त्याची हिंमत कशी झाली?"

आवाज इतका चढला की मुलगी दचकून रडायला लागली. सासूबाई आतून धावत आल्या. "अगं पण तू तर इथे बसली आहेस!"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ती पुष्कळ बोलली.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी आप्पांचा फोन आला. "मॅडम, उद्या मी घरून काम करणार. आणि चित्रवालीसुद्धा."

"आप्पा! उद्या साहेब येतायत!"

"येऊ देत. दोन हजर आणि चार गैरहजर, आणि सगळा गोंगाट गैरहजरांचा! आमच्या खुर्चीला कुणी विचारलं कधी, वारा लागतो का, ऊन लागतं का? रोज धक्के खात येतो आम्ही. उद्या आमच्याही खुर्च्या रिकाम्या राहू देत. बघू कोण आठवण काढतं." मागून चित्रवालीचा आवाज आला, "माझ्या खुर्चीवर माझा रुमाल ठेवलाय म्हणावं."

म्हणजे उद्या साहेब येणार, आणि त्यांना दिसणार सहा रिकाम्या खुर्च्या, दोन कपडे, एक टोपी, एक रुमाल आणि एक उशी. यातून कल्चर दिसण्याची शक्यता कमीच होती. जायलाच हवं होतं. नेमका सासूबाईंचा दाताच्या डॉक्टरांकडे जायचा दिवस होता आणि नवरा बाहेरगावी. तिने मुलीला कडेवर घेतलं, पिशवीत तिचे कपडे भरले आणि निघाली.

ऑफिसचं दार ढकललं तर खिडकीजवळ होहो बसलेला. टोपी घालून. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून.

"तू इथे कसा?"

"साहेबांसमोर ती बाई माझी जागा हलवेल म्हणून आलो."

तेवढ्यात टीपबाई आल्या. त्यांनी होहोकडे बघितलं, स्कार्फ उचलला आणि थेट खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. मग दारात अंधार झाला. एक माणूस वाकून आत आला, दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून. एवढा धिप्पाड, एवढी दाढी. त्याने कुणाकडे न बघता पोपटी उशी उचलली, उलटून पाहिली, झालर नीट केली आणि सावलीतली खुर्ची ओढून बसला. मौनी.

भिंतीवरच्या पडद्यावर आप्पा आणि चित्रवाली आपापल्या घरून उगवले. आप्पांच्या मागून त्यांच्या सौभाग्यवती "पाय वर घ्या" म्हणत फरशी पुसत गेल्या. आप्पांनी पाय वर घेतले आणि तसेच अधांतरी बसून म्हणाले, "हे काय? सगळे तिकडे?"

मग सुरू झालं. होहो आणि टीपबाई एका खुर्चीच्या दोन बाजू ओढतायत, आप्पा पडद्यातून न्याय देतायत, चित्रवाली ओरडतेय, "माझ्या रुमालावर पिशवी कुणी ठेवली?" मुलगी एवढी माणसं पहिल्यांदाच बघत होती. तिने दोन्ही दात दाखवले. आणि मोठे साहेब दारात उभे होते.

किती वेळ उभे होते, देव जाणे.

"वा," ते म्हणाले. "सगळे आलात की. म्हणजे येता येतं."

होहो आणि टीपबाईंनी खुर्ची एकदमच सोडली. आपण काय केलं ते तिला त्या क्षणी उमगलं. घरून काम का चालतं हे दाखवायच्या दिवशी चौघांनी ऑफिसात येता येतं हे सिद्ध केलं होतं. तेही एकमेकांना न सांगता. आणि वर लेकराला घेऊन.

"आम्ही कामाला नाही आलो, साहेब," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "आम्ही भांडायला आलोय."

"भांडायला?"

"हो हो," होहो म्हणाला.

साहेबांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि बसण्यासाठी जवळची रिकामी खुर्ची ओढली.

"ती आप्पांची!" होहो, टीपबाई आणि तिच्या तोंडून एकदमच निघालं. साहेब अर्धे बसलेले उठले. त्यांनी दुसरीला हात लावला. "चित्रवालीची! रुमाल आहे ना!" साहेबांनी हात मागे घेतला. पडद्यावर आप्पांनी पाय खाली घेतले आणि चष्मा काढून उगाचच पुसला. बराच वेळ पुसला.

जास्तीच्या खुर्चीसाठी भांडारप्रमुखांना फोन गेला. "कुणाच्या नावावर?" त्यांनी विचारलं. शेवटी कंपनीचे मोठे साहेब पंख्याच्या खोक्यावर बसले.

बसल्या बसल्या त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वारा, ऊन, चहाची बाही. मिक्सरचा कागद मागून घेतला, दोनदा वाचला. पाती सापडली नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे. घरून काम चालू ठेवा."

तिने डोळे मिटले.

"मात्र," साहेब म्हणाले, आणि साहेब लोकांच्या बोलण्यात जीव नेहमी याच शब्दाशी अडकतो, "हे टिकवायला इथे कुणीतरी रोज हवं. बाकीच्या टीमनाही शिकवेल असं. मॅडम, कल्पना तुमची, कल्चरप्रमुख तुम्ही. सोमवारपासून रोज या. हे काही घरून व्हायचं नाही."

खांद्यावरची मुलगी एव्हाना पेंगुळली होती आणि आईने खुर्चीवरून उचलून अंगात घातलेल्या स्वेटरचं नवं बटण तिने मुठीत धरून ठेवलं होतं. बढती होती. नाही म्हणायची सोय नव्हती. सगळ्यांची सुटका झाली होती, फक्त एकीची सोडून. तिने मुलीचा हात सोडवायचा प्रयत्न केला, तो सुटला नाही, आणि ती 'चालेल' म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात कुणीतरी बोललं.

"सोमवार माझा."

आवाज अगदी बारीक होता, झालरीसारखा. सगळ्यांनी वळून बघायला वेळ लावला, कारण तो कुठून आला हेच कुणाला कळेना.

"सोमवारी मी येतो," मौनी म्हणाला. उशीकडे बघत. "त्या नकोत रोज. लहान आहे ती."

"मंगळवारी मी," टीपबाई म्हणाल्या. "टीप, उशिरा येईन."

"हो हो, बुधवार," होहो म्हणाला. मग सगळ्यांनी रोखून बघितल्यावर एकदाच म्हणाला, "हो."

"गुरुवारी आम्ही तिथेच असतो," पडद्यातून आप्पा म्हणाले, "गुरुवार माझ्याकडे द्या. पण मग सोमवारी मी घरी. आजच्यासारखा."

"आणि शुक्रवार मी घेते," चित्रवाली म्हणाली.

"शुक्रवार का तुम्ही?" टीपबाई. "शुक्रवारी लवकर सुटतं. शुक्रवार मला हवा!"

"तुम्ही मंगळवार म्हणालात ना आत्ता?"

"टीप राहिली होती सांगायची!"

"पद एकाचंच असतं हो," साहेब म्हणत होते, पण ते खोक्यावर जरा खाली बसले होते आणि तिथून त्यांचा आवाज कुणापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी घड्याळ बघितलं. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा झोपलेल्या मुलीकडे. "महिनाभर करून बघा," एवढं म्हणून ते उठले आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत निघून गेले.

ती तशीच उभी होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याच पाण्यातून तिला एक गोष्ट स्पष्ट दिसली. पाच वार, पाच माणसं. तिला कुणी धरलंच नव्हतं. प्रमुख ती, कल्पना तिची, आणि तिच्याविना आठवडा पुरा झाला होता.

"आणि मी?" ती म्हणाली. आवाज जितका दुखावला होता तितकाच बाहेर पडला. "माझा वार कुठला?"

भांडण थांबलं. मौनीने थोडा विचार केला.

"शनिवार."

"शनिवारी ऑफिस बंद असतं!"

"म्हणूनच," मौनी म्हणाला, आणि उशीची झालर सरळ करायला लागला.